मठात जायचं होतं : तीन वर्षांची हकिगत

मी नर्स आहे, वसईची. वॉर्डात गेली बारा वर्षं लोक मला ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतायत. 2022 साली मला दुसऱ्या अर्थानं सिस्टर व्हावंसं वाटू लागलं, म्हणजे व्रतं घेऊन मठात राहणारी धर्मभगिनी. त्यानंतरची तीन वर्षं कशी गेली ते लिहिते आहे, कारण त्या वेळी मी जे शोधत होते ते मला मराठीत कुठेच मिळालं नाही. संतांची चरित्रं मिळाली, व्रतग्रहणाच्या दिवशीचे हसरे फोटो मिळाले. पण कागद किती लागतात, पैसे किती जातात, आईला कधी सांगायचं, नोकरी सोडायची की रजा घ्यायची, आणि जाऊन परत आलं तर पुढे काय, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

सुरुवात कोविडपासून करावी लागेल. 2020 आणि 2021 ही दोन्ही वर्षं मी कोविड वॉर्डात होते. शेवटच्या घटका मोजणारा पेशंट ख्रिस्ती असला तर त्याच्या कानाशी ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणायचे. हिंदू असला तर घरच्यांना व्हिडिओ कॉल लावून फोन त्याच्या कानाशी धरायचे, ते विठ्ठल विठ्ठल म्हणायचे. किटच्या आत घामानं भिजलेली मी मध्ये उभी. लाट ओसरली, वॉर्ड बंद झाला, सत्कारही झाले. मला मात्र घरी झोप लागेना. रात्रपाळी संपली की मी घरी न जाता सकाळच्या मिस्सानंतर, म्हणजे सामुदायिक उपासनेनंतर, रिकाम्या चर्चमध्ये तासभर बसून राहायचे. तिथे बरं वाटायचं. इतकं बरं वाटायचं की उठावंसं वाटायचं नाही. इथेच राहावं, कायमचं, हा विचार पहिल्यांदा फेब्रुवारी 2022 मध्ये आला.

8 मे 2022 हा उत्तम मेंढपाळाचा रविवार होता. पुनरुत्थान काळातल्या या चौथ्या रविवारी जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये पाचारणासाठी, म्हणजे फादर-सिस्टर होण्याचं देवाचं बोलावणं लोकांना यावं म्हणून, प्रार्थना करतात. 1964 पासून ही प्रथा आहे. लहानपणापासून दरवर्षी ऐकत आले होते, त्या दिवशी मात्र प्रत्येक शब्द माझ्यासाठीच आहे असं वाटलं. मिस्सा संपल्यावर सॅक्रिस्टीच्या, म्हणजे वेदीलगतच्या तयारीच्या खोलीच्या, दारात थांबले आणि आमच्या फादरना सांगितलं. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, त्यामुळे बोलताना लाजच वाटत होती. हे सगळं दहावी-बारावीनंतर ठरवायचं असतं अशी आमच्याकडे समजूत आहे.

फादर म्हणाले, “आत्ता काही ठरवू नकोस. आईला सांगू नकोस, मैत्रिणींना सांगू नकोस. आधी एक मार्गदर्शक शोध, जो तुला ओळखत नाही आणि ज्याला तुझ्या हो-नाहीनं काही फरक पडत नाही. आणि झोप पुरी कर.”

तुम्ही या वाटेवर नुकते निघाला असाल तर माझ्याकडून एवढं ऐका: पहिली भेट मठाची घेऊ नका, मार्गदर्शकाची घ्या. मठ तुम्हाला आपल्या दारातून बघणार, त्यात त्यांचं काही चूक नाही. मार्गदर्शक तुम्हाला तुमच्या बाजूनं बघतो.

मला मुंबईतले सत्तरी ओलांडलेले एक येशूसंघीय (जेझुइट) फादर मिळाले. शनिवार, 16 जुलै 2022 रोजी पहिली भेट. मी प्रार्थना, देव, पवित्र आत्मा अशी सगळी तयारी करून गेले होते. त्यांनी विचारलं, किती तास झोपतेस? शेवटचं कधी रडलीस? डोक्यावर कर्ज आहे का? घरात म्हातारं कोण आहे? शेवटी एक शंभरपानी वही आणायला सांगितली. रोज रात्री पाच ओळी लिहायच्या. आज कुठल्या क्षणी मन भरलं, कुठल्या क्षणी कोरडं झालं, आणि ते भरलेपण दुसऱ्या दिवशी सकाळी शिल्लक होतं का.

ही तिसरी ओळ महत्त्वाची. तिच्यामागची गोष्ट त्यांनीच सांगितली. 20 मे 1521 रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून इग्नाशियस नावाच्या सरदाराचा पाय मोडला. लोयोलाच्या घरी कित्येक महिने अंथरुणावर. वाचायला ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र सोडून दुसरं काही नव्हतं. कधी तो पराक्रमाची, दरबारातल्या मानमरातबाची स्वप्नं बघे, कधी संतांसारखं जगायची. दोन्हींत रमायचा. पण पहिल्या स्वप्नातून बाहेर आला की मन उदास, आणि दुसऱ्यातून बाहेर आला तरी समाधान टिकलेलं. हा फरक त्याच्या लक्षात आला आणि पुढे त्यातूनच मनोनिवाड्याची, म्हणजे मनातल्या हालचाली पारखून निर्णय घेण्याची, सगळी पद्धत उभी राहिली. मराठीत या दोन अवस्थांना सांत्वन आणि खिन्नता म्हणतात. नुसतं छान वाटलं म्हणजे सांत्वन नव्हे. ते टिकतं का, आणि आपल्याला देवाकडे आणि माणसांकडे नेतं का, हे बघायचं.

दर महिन्याला एक भेट. पैसे कधीच मागितले नाहीत, मी नाताळला आणि ईस्टरला पाकीट ठेवायचे. दुसऱ्या भेटीत वही वाचून ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “दमलेल्या बाईला मठ माहेरासारखा वाटतो. तुला देवाचं बोलावणं आहे का, ते मला अजून माहीत नाही. पण तुला माहेर हवंय हे नक्की दिसतंय.” मला राग आला. तीन आठवडे वही उघडली नाही. आता वाटतं, त्या तीन वर्षांतलं सगळ्यांत खरं वाक्य तेच होतं, पण ते पटायला मला पुढचं सगळं करून बघावं लागलं.

ऑक्टोबर 2022 मध्ये आठ दिवसांची मौन साधना केली. राहणं-जेवण धरून चार हजार रुपये. तिसऱ्या दिवशी घरी पळून जावंसं वाटलं. प्रत्येकालाच तिसऱ्या दिवशी वाटतं, घाबरू नका. सातव्या दिवशी मी फादरना सांगितलं की मला निदान जाऊन बघायचं आहे. ते म्हणाले, मग आता आईला सांग.

आई ओट्याशी केळफूल सोलत बसली होती. बाबा 2017 साली गेले, धाकटा भाऊ कुवेतला, घरात आई, आजी आणि मी. मी सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत, एकेक फुलातला दांडा ती काढत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “तुझ्या बाबांना आवडलं असतं.” तिला आवडलं का ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आजीनं मात्र लाल लुगड्याचा पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, “आमच्या वेळी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. काही कळायचं नाही, तरी आम्ही आमेन म्हणायचो. तू समजून म्हण.”

नोव्हेंबरमध्ये धर्मभगिनींच्या तीन संघांना पत्रं पाठवली. एकाचं उत्तर आठवड्यात आलं, वयोमर्यादा तीस. दुसऱ्याकडून दोन महिने काहीच नाही. तिसरा, पुण्याजवळचा, शिक्षण आणि आरोग्यसेवा करणारा. त्यांनी ‘या आणि पाहा’ म्हणून नाताळनंतर आठवडाभर बोलावलं. 27 डिसेंबर ते 2 जानेवारी राहून आले, आवडलं, आणि मग कागदपत्रांचा रगाडा सुरू झाला.

मागितलेले कागद: स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) आणि दृढीकरणाचा (तो पक्का करणाऱ्या पुढच्या संस्काराचा) दाखला, आईवडिलांच्या चर्चमधल्या लग्नाचा दाखला, धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या परिसराच्या, फादरांचं शिफारसपत्र, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, नर्सिंगची नोंदणी, वैद्यकीय तपासणी, मानसशास्त्रीय चाचणी आणि स्वतःच्या हातानं लिहिलेलं चार पानी आत्मवृत्त. सोपं वाटतं. पण स्नानसंस्काराचा दाखला जुना चालत नाही, सहा महिन्यांच्या आतला नवा काढावा लागतो. कारण लग्न झालं की त्याची नोंद त्याच नोंदवहीत नावापुढे करतात, त्यामुळे ताज्या दाखल्यावरूनच तुम्ही अविवाहित आहात हे सिद्ध होतं. माझा स्नानसंस्कार आईच्या माहेरच्या चर्चमध्ये झालेला. तिथे गेले तर नोंदवहीत आडनावाचं स्पेलिंग वेगळं. शेवटचं अक्षर एस, माझ्या आधारवर झेड. वसईतल्या निम्म्या घरांत हा घोळ असेल. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र, नोटरीचे दोनशे, मग दोन साक्षीदारांना घेऊन पुन्हा ऑफिसात. त्यात सहा आठवडे गेले. तुमच्या घरात असा घोळ असेल तर लग्न असो की मठ, आजच निस्तरून घ्या.

वैद्यकीय तपासणीला 2,850 रुपये लागले. मानसशास्त्रीय चाचणीचे साडेतीन हजार, दोन दिवस, पाचशेहून जास्त विधानं, खरं की खोटं तेवढं सांगायचं. चाचणीची भीती बाळगू नका. तिथल्या बाईंनी शेवटी निकाल समजावून सांगितला. त्यातलं एक वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं: दुसऱ्याचं दुःख समोर असताना स्वतःची गरज ओळखता येत नाही.

सगळ्यांत अनपेक्षित अडचण पैशांची निघाली. बाबा गेल्यानंतर घराचं छप्पर बदलायला मी पतपेढीतून कर्ज काढलं होतं, त्यातले 1,40,000 बाकी होते. मठाच्या प्रमुख, सुपिरियर सिस्टर म्हणाल्या, ते फिटल्याशिवाय येता येणार नाही. मला वाटलं हा त्यांच्या संघाचा नियम. नंतर कळलं की 1983 च्या चर्चच्या कायद्यातच आहे, फेडता न येणारं कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला घेऊ नये. आधी मला हे फार व्यवहारी वाटलं. मग वाटलं, बरोबर आहे. ज्याचं देणं लागतो त्याला चुकवून देवाकडे कसं जायचं? पगार बत्तीस हजार. दरमहा साडेबारा हजार भरत गेले. उरलेल्यासाठी ठेव मोडली. जून 2023 मध्ये पतपेढीचा बेबाकी दाखला हातात आला तेव्हा मी तो आईला वाचून दाखवला.

या थांबण्यानं माझ्यावर उपकारच केले. घाई असती तर मी राजीनामा देऊन गेले असते. सुपिरियर सिस्टरनी स्वतःच सुचवलं, नोकरी सोडू नकोस, तीन महिने राहून बघ. पुढची वाट किती लांब आहे तेही त्यांनी समजावलं. आधी उमेदवारी, मग नवशिक्षण (व्रतांची तयारी), जे चर्चच्या कायद्यानं किमान बारा महिन्यांचं असतं आणि बऱ्याच ठिकाणी दोन वर्षांचं. मग तात्पुरती व्रतं, किमान तीन वर्षं, आणि त्यानंतर आजीवन व्रतं. कुठल्याही टप्प्यावर बाहेर पडता येतं, आणि त्यांनी हेही सांगितलं की बाहेर पडणाऱ्या मुलींबद्दल त्यांच्या घरात वाईट बोलायचं नाही असा दंडक आहे. रुग्णालयात बिनपगारी रजेचा अर्ज दिला. कारण म्हणून ‘वैयक्तिक’ लिहिलं. मंजूर व्हायला पाच आठवडे लागले.

1 जुलै 2023 ला गेले. बारा सिस्टर, माझ्याबरोबर दोन उमेदवार, एक एकोणीस वर्षांची, एक वीसची. पहाटे पाचला घंटा, साडेपाचला ध्यान, मग मिस्सा, मग कामं. रात्री नऊनंतर मौन. फोन रविवारी अर्धा तास. मला स्वयंपाकघर आणि कपडे दिले होते. मठात चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक सिस्टर अर्धांगानं पडून होत्या, मी पहिल्याच दिवशी विचारलं की त्यांचं मी करू का. सुपिरियर म्हणाल्या, “एक महिना नाही. तू इथे नर्स म्हणून आलेली नाहीस, आधी ते अंगात मुरू दे.”

पहिले तीन आठवडे मी स्वर्गात होते. वहीत रोज ‘शांत’ हा शब्द आहे. रात्री नऊला पडायचे ती घंटेपर्यंत गाढ. दोन वर्षांत असं झोपले नव्हते. पोळ्या लाटताना, चादरी पिळताना कुणी हाक मारत नव्हतं, कुणाचं सॅच्युरेशन खाली जात नव्हतं.

चौथ्या आठवड्यापासून तो शब्द वहीत विरळ होत गेला. वाईट काही घडलं नाही. सिस्टर प्रेमळ होत्या, दोघी मुली माझ्या मागेमागे असायच्या. पण प्रार्थनेत मन लागेना आणि संध्याकाळच्या गप्पांत मी घड्याळ बघू लागले. ऑगस्टपासून दर गुरुवारी मला फिरत्या दवाखान्याबरोबर पाठवू लागले. सहा-सात वाड्या. तिथे एका घरात पोटाचा कॅन्सर झालेली बाई होती, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी असेल. तिच्या नवऱ्याला मळमळीची गोळी कधी द्यायची हे समजावत मी शेणानं सारवलेल्या जमिनीवर तासभर बसले. चुलीचा धूर, कोंबड्या, पोरांची भांडणं, औषधांचा आणि आजारपणाचा वास. गाडीचा हॉर्न वाजला. चारच्या आत मठात पोचायचं होतं. तिला रात्री काय होईल याचा विचार करत मी गाडीत बसले. नियमात काही चूक नव्हती, बारा जणींचं एकत्र जगणं नियमावरच उभं असतं. पण त्या रात्री मला गाढ झोप लागली नाही, आणि गंमत म्हणजे सकाळी उठले तेव्हा मन कोरडं नव्हतं. तिची काळजी होती आणि त्या काळजीच्या आतच देव जवळ होता.

15 ऑगस्टला, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, दुपारी मोकळा वेळ होता. जुलैपासूनची वही मी सलग वाचली. प्रत्येक ‘शांत’पुढे कुठे ना कुठे झोपेचा उल्लेख होता. आणि दुसऱ्या सकाळपर्यंत टिकलेलं जे जे होतं ते गुरुवारचं होतं, किंवा रविवारी आजीशी फोनवर बोलल्यानंतरचं. मी मार्गदर्शक फादरना फोन केला आणि रडले. ते म्हणाले, “आत्ता ठरवायचं नाही. खिन्न असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही, हा नियम आहे. मन निवळल्यावर काही दिवस जाऊ देत. मग एक कर. तुझ्यासारखीच एक अनोळखी मुलगी तुझ्याकडे सल्ला मागायला आली आहे असं समज, तिला काय सांगशील ते लिही. आणि मग मरणाच्या दारात उभी राहून मागे वळून बघ, आज काय ठरवलेलं असावं असं वाटेल तेही लिही.”

सप्टेंबरच्या मध्यावर मन निवळलं. दोन्ही उत्तरं लिहिली, दोन वेगवेगळ्या दिवशी. दोन्हींत एकच आलं.

24 सप्टेंबरला सुपिरियर सिस्टरना सांगितलं. मला वाटलं होतं त्या समजावतील, थांब म्हणतील. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, कपाटातून माझी फाइल काढली, दाखले, गुणपत्रिका, आत्मवृत्त, सगळं तसंच, आणि माझ्या हातात दिली. मग त्यांनी माझ्या कपाळावर क्रूसाची खूण केली. माझे नव्वद दिवस 28 तारखेला भरत होते, पण ती अनंत चतुर्दशी, पुण्यात विसर्जनाच्या मिरवणुकांनी रस्ते बंद राहणार म्हणून एक दिवस आधीच, 27 ला निघाले. दोघी मुली फाटकापर्यंत आल्या होत्या.

घरी आल्यावर आईनं काही विचारलं नाही. बोंबलाचं कालवण केलं होतं. लोकांनी मात्र विचारलं. परत पाठवलं का, झेपलं नाही का, आता तरी लग्नाचं बघणार का. उत्तर आधीच ठरवून ठेवा, हा माझा सल्ला. मी म्हणायचे, “बघायला गेले होते, बघून आले.” पुढे बोलायचं नाही.

खरं सांगायचं तर ऑक्टोबर ते डिसेंबर हे तीन महिने सगळ्यांत कठीण गेले. निर्णय बरोबर होता याची खात्री होती आणि तरीही पोकळी होती. जन्मभर पाचारण म्हणजे फादर किंवा सिस्टर एवढंच ऐकलेलं. दर पाचारण रविवारी आम्ही त्यांच्यासाठीच प्रार्थना करतो. मग ज्यांना बोलावलं नाही ती उरलेली माणसं म्हणजे प्रापंचिक, असाच अर्थ माझ्या मनात होता. मार्गदर्शक फादरनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेच्या) 1964 च्या दस्तऐवजातल्या एका पानाची, कलम 31 ची झेरॉक्स हातात दिली. त्यात प्रापंचिकांबद्दल लिहिलं आहे की त्यांचं पाचारण जगाच्या आत राहूनच आहे, नोकरीधंद्यात, घरसंसारात, पिठातल्या खमिरासारखं आतून काम करायचं. पावित्र्याचं बोलावणं सगळ्यांनाच आहे, असं त्याच दस्तऐवजातलं पुढचं एक अख्खं प्रकरण सांगतं. साठ वर्षांपूर्वी लिहिलेलं, आणि मी चर्चमध्ये वाढून ते तेहतिसाव्या वर्षी वाचत होते. लाजही वाटली आणि रागही आला. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात हे पान पोरांना का वाचून दाखवत नाहीत?

पण वाचून पोकळी भरली नाही. प्रापंचिकांसाठीच्या फ्रान्सिस्कन संघाच्या दोन सभांना गेले. घरसंसार सांभाळून फ्रान्सिसच्या वाटेनं चालणारी ती माणसं मला फार आवडली, पण आतून ओढ लागली नाही. तुम्हाला लागेल कदाचित, जरूर जाऊन बघा. घरी राहून व्रतस्थ होता येतं, तेही मार्ग चर्चच्या कायद्यात आहेत, तुमच्या धर्मप्रांतात चौकशी करा.

5 जानेवारी 2024, महिन्याचा पहिला शुक्रवार. त्या दिवशी फादर घरोघरी आजाऱ्यांना कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, देतात. नेहमीच्या मदतनीस काकू आजारी, म्हणून त्यांनी मला बरोबर यायला सांगितलं. चौथं घर एका एक्याऐंशी वर्षांच्या बाईंचं. मुलगा ऑस्ट्रेलियात, दिवसा एक मुलगी सांभाळायला. मोठं घर, अंगणात चाफा, मागे बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. खोलीचं दार उघडल्याबरोबर मला वास आला. आईची मुलगी म्हणून नाही कळला, नर्स म्हणून कळला. मी फादरना म्हटलं, दोन मिनिटं द्या. कुशीवर वळवलं तर माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम, कडा काळ्या, आत पिवळा थर. वर टाल्कम पावडर आणि हळद. खाली रबराची रिंग. सांभाळणारी मुलगी रडायलाच लागली, तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तिचा दोष नव्हता.

फादरच्या हातात कम्युनियनची डबी होती आणि अजून सात घरं बाकी होती. ते म्हणाले, “तू कर, मी थांबतो.” आणि ओटीवर जाऊन बसले. मी गाडीच्या डिकीतून माझी पिशवी आणली. सलाईननं पावडर आणि हळद धुतली, थोडी थोडी, कोमट करून, कारण त्या दुखलं की ओठ चावायच्या आणि आवाज करायच्या नाहीत. हातात जपमाळ घट्ट धरली होती, मणी बोटांत रुतलेले. ड्रेसिंग केलं, रिंग काढून टाकली, दोन उशा लावून कुशीवर ठेवलं. मुलीला भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर दोन तासांनी कूस बदलण्याच्या वेळा लिहून दिल्या. पाऊण तास झाला. मग फादर आत आले आणि त्यांनी कम्युनियन दिलं. मी खाटेच्या पायथ्याशी गुडघे टेकले होते, हाताला अजून सलाईनचा ओलावा होता.

वहीत त्या दिवशी पाच ओळी झाल्या नाहीत, एकच झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती टिकली होती. आठवड्यानंतरही होती.

पुढचं थोडक्यात सांगते. त्यांच्या जखमेला शस्त्रक्रिया लागेल का हा प्रश्न आम्ही सर्जनला दाखवून सोडवला, जखम भरायला पाच महिने लागले. तोपर्यंत आमच्या धर्मग्रामातच अशी नऊ घरं सापडली होती. मुलं परदेशी किंवा मुंबईला, म्हातारी माणसं मोठ्या घरांत पडून. 2024 मध्ये मी इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा डॉक्टर-नर्सेससाठीचा सर्टिफिकेट कोर्स केला, कारण जखम धुता येत होती पण दुखणं मोजणं आणि मरणाबद्दल घरच्यांशी बोलणं मला नीट येत नव्हतं. आता आम्ही पाच जणी आहोत, त्यांतल्या दोघी निवृत्त नर्सेस. शनिवारी आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी फिरतो. रात्रीचा फोन आला तर जी जवळ असेल ती जाते. घर ख्रिस्ती आहे का हिंदू का मुसलमान हे विचारत नाही. ड्रेसिंगच्या सामानाला महिन्याला साडेतीन-चार हजार लागतात, चर्चच्या पेटीतून निम्मे येतात, उरलेले आम्ही वर्गणी काढतो. दोन हवेच्या गाद्या आहेत, आळीपाळीनं देतो. मी रुग्णालयातली नोकरी चालू ठेवली आहे, आणि मार्गदर्शक फादरना दर दोन महिन्यांनी भेटते. आजी गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये गेली, घरी, आमच्या हातात.

कधी कधी पहाटे पाचला जाग येते आणि त्या घंटेची आठवण होते. मी उठून बसते आणि प्रार्थना करते. त्या बारा जणी त्या वेळी काय म्हणत असतील ते मला पाठ आहे.

मार्चमध्ये आमच्या धर्मग्रामातली एक बावीस वर्षांची मुलगी माझ्याकडे आली. फादरनी पाठवलं होतं. तिला त्याच संघात जायचं होतं. मी तिला किती झोपतेस ते विचारलं, कर्ज आहे का ते विचारलं, शंभरपानी वही दिली. तिच्या वहीत टिकलेलं सगळं चॅपेलमधलं आणि लहान मुलींना शिकवतानाचं होतं. वाचताना मला जाणवलं, हिचं वेगळं आहे. तिच्या स्नानसंस्काराच्या दाखल्यासाठी मीच बरोबर गेले. तिच्याही आडनावात एस आणि झेडचा घोळ निघाला, पण या वेळी कुठल्या खिडकीवर काय द्यायचं ते माहीत होतं, बारा दिवसांत काम झालं.

गेल्या रविवारी तिला सोडायला दादरला गेलो, तिचे आईवडील आणि मी. तिला सांगितलं, स्वेटर ने, पहाटे गार असतं. पोळ्या गोल आल्या नाहीत तरी कुणी रागवत नाही. चौथ्या आठवड्यात मन कोरडं झालं तर घाबरू नकोस, लिहीत राहा. गाडी हलली तशी तिच्या आईनं माझा दंड धरला. वसईला परत यायला चार वाजले. मी घरी चहा घेतला, पिशवीतलं गॉज मोजलं आणि पाच वाजता बावखलापलीकडच्या घरी ड्रेसिंगला गेले.